पिंडी छोले : सातव्या ते अकराव्या प्रयत्नापर्यंतची नोंद

मागील नोंद सहाव्या प्रयत्नापाशी थांबली होती. तोपर्यंत रंग बऱ्यापैकी जमला होता, परंतु दाणा बाहेरून फुटलेला आणि आतून कणीदार राहत होता, आणि आंबटपणा चण्यात न मुरता रसातच राहत होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत पाच वेळा छोले केले आणि प्रत्येक वेळी शक्यतो एकच गोष्ट बदलली, म्हणजे फरक कशामुळे पडला हे निश्चित सांगता यावे.

पिंडी म्हणजे रावळपिंडी. तिथल्या पद्धतीच्या छोल्यांत कांदा-टोमॅटोचे वाटण नसते. शिजलेल्या चण्यावर भाजून कुटलेला काळपट मसाला पसरायचा, त्यावर कडकडीत तूप ओतायचे आणि अंगाबरोबर रस ठेवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. १९४७ च्या फाळणीनंतर तिकडून आलेल्या कुटुंबांनी ही पद्धत दिल्लीत आणली, आणि काही कुटुंबांबरोबर ती मुंबईत शीव-कोळीवाड्याच्या निर्वासित वस्तीतही आली. आमच्या इमारतीतील पंजाबी आंटींचे बालपण त्याच वस्तीत गेले. त्यांच्या आई मूळच्या पिंडीच्या. आंटी मात्र अस्खलित मराठी बोलतात. माझे सुरुवातीचे छोले चाखून त्यांनी ही काबुली चण्याची चांगली उसळ झाली आहे असे सांगितले होते, आणि ते खरेच होते, कारण फोडणीत कांदा परतून गोडा मसाला घालण्याची घरची सवय माझ्या हातातून गेलेली नव्हती.

सातव्या प्रयत्नात मी केवळ पाणी बदलले. पुण्यात आमच्याकडे पिण्यासाठी महापालिकेचे पाणी येते आणि वापरासाठी कूपनलिकेचे. कूपनलिकेच्या पाण्याने गिझरच्या कांडीवर पांढरा थर चढतो, बादलीच्या काठाला खडूसारखी रेघ उमटते, आणि मी आजवर चणे त्याच पाण्यात भिजवत होतो. अशा जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चण्याच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला अधिक घट्ट करतात, त्यामुळे दाणा कितीही शिजवला तरी मधला भाग कणीदार राहतो. २५० ग्रॅम चणे पिण्याच्या पाण्यात, लिटरला १५ ग्रॅम मीठ घालून, बारा तास भिजवले. मिठामुळे दाणा शिजत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. भिजवताना मात्र उलट घडते, कारण मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. सकाळी निथळून वजन केले तेव्हा ५२५ ग्रॅम भरले. ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटे ठेवल्यावर दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच दाबला, तर तो न फुटता लोण्यासारखा पसरला आणि साल बोटांवर पातळ पापुद्र्यासारखी उरली. केवळ पाण्याने एवढा फरक पडेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

आठव्या प्रयत्नात खाण्याचा सोडा पूर्णपणे वगळून पाहिला. दाणा शिजला, पण वेळ दहा मिनिटांनी वाढला आणि रसाला दाटपणा आला नाही. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर विरघळते आणि त्यातून सुटलेला पिठूळ अंश रसात उतरतो, म्हणून सोड्याचे काम केवळ वेळ वाचवण्याचे नाही. आता २५० ग्रॅम कोरड्या चण्याला पाव चमचा सोडा, तोही शिजवतानाच, हे प्रमाण मी कायम केले आहे. अर्धा चमचा घातल्यास साबणासारखी चव जिभेवर रेंगाळते आणि दाण्याचा आकार जातो.

चण्याविषयीही थोडे लिहायला हवे. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात काबुली चणा आकारानुसार मिळतो, आणि ४२-४४ किंवा ५८-६० असे जे आकडे सांगितले जातात ते एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात याचे असतात. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. मोठा दाणा ताटात देखणा दिसतो, पण मला मधल्या आकाराचा दाणा अधिक पसंत पडला, कारण मसाला त्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो. चणा रब्बीचे पीक असल्यामुळे नवा माल उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो; उष्ण आणि दमट हवेत वर्षभर पडून राहिलेला चणा कोणत्याही उपायाने नीट शिजत नाही. म्हणून दुकानदाराला माल कोणत्या हंगामातला आहे हे विचारूनच घ्यावा.

नववा प्रयत्न आंबटपणाचा होता आणि तोच सर्वांत फलदायी ठरला. पिंडी छोल्यांचा आंबटपणा प्रामुख्याने अनारदाण्यातून येतो. इथे दर्जेदार अनारदाणा मिळेना, म्हणून मी सोलापूरकडील भगव्या डाळिंबाचे दाणे चार दिवस उन्हात वाळवले. रंग उत्तम आला, पण चव गोड, आणि भाजल्यावर त्यातील साखर करपून कडसरपणा आला. खरा अनारदाणा हिमाचल आणि जम्मूच्या डोंगरउतारांवर रानटी वाढणाऱ्या दाडू नावाच्या आंबट डाळिंबाचा असतो. खाण्यासाठी जोपासलेल्या गोड वाणात तो आंबटपणा मुळातच नसतो. अखेरीस दिल्लीहून येणाऱ्या एका स्नेह्यांकडून पाव किलो अनारदाणा मागवला. तो हाताला चिकट लागतो आणि तसाच मिक्सरमध्ये घातला तर पात्याभोवती गोळा होतो. मंद आचेवर तवा ठेवून, दाणे सुटे होऊन त्यांना काळपट तकाकी येईपर्यंत भाजावे, ताटात पसरून पूर्ण गार करावे आणि मगच कुटावे. खलबत्त्यात कुटल्यास भरड राहतो आणि खाताना मध्येच त्याचा आंबट कण दाताखाली येतो, जो मला फार आवडला.

तो आंबटपणा घालायचा केव्हा, हे मला आंटींनी शिकवले. सहाव्या प्रयत्नापर्यंत मी आमचूर कुकरमध्येच घालत होतो. त्या म्हणाल्या, “बेटा, चणा आधी पूर्ण मऊ होऊ दे. आंबट नंतर. आधी घातलंस तर तो हट्टाला पेटतो.” आम्लामुळे पेक्टिन विरघळत नाही, हे मी टोमॅटो आणि चिंचेच्या बाबतीत वाचलेले होते, पण चिमूटभर आमचुराला तो नियम लावण्याचे मला सुचले नव्हते.

या नियमाला एक अपवाद करावा लागतो, तो वाळलेल्या आवळ्याचा. चार तुकडे आवळा, दोन मसाला वेलची, दालचिनी आणि तमालपत्र यांची फडक्यात पुरचुंडी बांधून ती चण्याबरोबरच शिजवली. आवळाही आंबट आहे, त्यामुळे चण्याला पाच-सात मिनिटे अधिक लागली, पण रंग एरवी त्यासाठी घालतात त्या चहापत्तीपेक्षा खोल आला आणि चहा फार उकळल्यावर येणारा तुरटपणा टळला. दहाव्या प्रयत्नात हेच शिजलेले चणे लोखंडी कढईत घेतले, तेव्हा दहा मिनिटांत तांबूस करडा रस जवळजवळ काळा झाला. आवळ्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि कढईचे लोह एकत्र आले की हा रंग येतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून काळी शाई याच तत्त्वावर होत असे. छोले कढईत झाकून ठेवू नयेत, कारण तासाभरात लोखंडाची चव उतरते. तयार होताच पातेल्यात काढावेत.

अकरावा प्रयत्न गेल्या रविवारचा. दोन मोठे चमचे धने, एक मोठा चमचा जिरे, चहाचा एक चमचा मिरी, चार लवंगा, दोन काश्मिरी मिरच्या आणि चिमूटभर ओवा निरनिराळे भाजून घेतले. जिरे नेहमीच्या तपकिरी रंगापुढे, जळण्याच्या अगदी अलीकडे नेले. त्यात दीड मोठा चमचा कुटलेला अनारदाणा, चहाचा एक चमचा आमचूर, अर्धा चमचा काळे मीठ आणि चुरडलेली कसुरी मेथी मिसळली. कढईत गरम चण्यावर हा सगळा मसाला न ढवळता थरासारखा पसरला, मधोमध आल्याच्या बारीक सळ्या आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या ठेवल्या, आणि धूर निघण्याच्या बेतात आलेले चार मोठे चमचे साजूक तूप वरून ओतले. मसाला चुरचुरत फेसाळला, आल्याच्या सळ्या काठावर वळल्या, आणि अनारदाण्याचा आंबट-खमंग वास थेट जिन्यापर्यंत गेला. त्यानंतर दोन डाव राखून ठेवलेले शिजवणीचे पाणी घालून अलगद ढवळले आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर मुरू दिले.

आंटींना वाटीभर नेऊन दिले. त्यांनी दोन घास खाल्ले, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग तूप आणखी एक चमचा हवे होते आणि मीठ बरोबर आहे एवढेच सांगितले. उसळीचा उल्लेख या वेळी झाला नाही.

एक प्रश्न अद्याप शिल्लक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चव अधिक मुरलेली असते, पण रस पूर्ण शोषला जाऊन छोले कोरडे पडतात, आणि पाणी घालून गरम केल्यास मसाला दाण्यापासून सुटतो. बाराव्या प्रयत्नात शिजलेल्या चण्यांपैकी मूठभर ठेचून रसात मिसळणार आहे आणि शिजवणीचे पाणी वेगळे झाकून ठेवून सकाळी तेच वापरणार आहे. चणे शनिवारी रात्री भिजत घालीन.