सेल्माची ब्रिज क्रॉसिंग ज्युबिली: जाणार असाल तर शनिवारीच पोचा

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीच्या वीकेंडला अलाबामातल्या सेल्मा गावात ब्रिज क्रॉसिंग ज्युबिली भरते. ७ मार्च १९६५ ला कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर एडमंड पेटस पुलाशी पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, त्या रक्तरंजित रविवारची ही आठवण. आमच्या ओळखीतले जे कोणी अटलांटाहून जाऊन आलेत ते रविवारी पहाटे निघतात, पूल चालतात, फोटो काढतात आणि रात्री घरी. माझं मत विचाराल तर तसं जाण्यात अर्धी मजाच जाते, कारण रविवार हा पुढाऱ्यांचा असतो आणि शनिवार गावाचा.

जायचं कसं तर अटलांटा ते माँटगोमेरी आय-८५ ने साधारण अडीच तास, आणि तिथून यूएस-८० ने सेल्मा अजून तासभर. मुक्काम माँटगोमेरीलाच करा. सेल्मात हॉटेलं मोजकीच आहेत आणि या वीकेंडला ती फार आधी भरतात, शिवाय जानेवारी २०२३ च्या टॉर्नेडोने गावाचं बरंच नुकसान केलंय, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलं की बंद दुकानं आणि रिकामी घरं दिसतात. इतिहासाच्या पुस्तकात एवढं मोठं नाव असलेलं गाव प्रत्यक्षात असं आहे हे बघून पोरं जरा गप्पच झाली.

पोरांना आधी थोडं सांगून ठेवा, नाहीतर त्यांना ती नुसती जत्रा वाटते. तेव्हा सेल्मा ज्यात येतं त्या डॅलस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यातल्या जेमतेम २ टक्के लोकांची नावं मतदार यादीत होती, नाव घालायला गेलं की घटनेतली कलमं विचारायची, ऑफिस महिन्यातून मोजकेच दिवस उघडं ठेवायचं, आणि गेलेल्याची नोकरी घालवायची. शेजारच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणाला स्टेट ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, गोळी घातली, काही दिवसांनी तो गेला, आणि मग लोकांनी ठरवलं की आता चालत राजधानीला, म्हणजे ५४ मैलांवरच्या माँटगोमेरीलाच जायचं. त्या रविवारी सुमारे ६०० जण निघाले, पुढे चळवळीतले नेते जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स.

शनिवारी आम्ही वॉटर अव्हेन्यूवरच्या स्ट्रीट फेस्टिवलला गेलो. गाणी, ढोल, कॉलेजांचे बँड, तळलेल्या कॅटफिशचा वास, टी-शर्टांचे स्टॉलच स्टॉल. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला जशी पुस्तकांची रांग लागते तशी इथेही असेल असं वाटलं होतं पण पुस्तकं थोडी आणि टी-शर्ट फार. खरी गोष्ट त्या स्टॉलांच्या मध्येच कुठेतरी खुर्ची टाकून बसलेली असते. त्या मोर्च्यात चाललेल्यांना इथे 'फूट सोल्जर' म्हणतात, त्यातले बरेच तेव्हा शाळकरी होते आणि आज सत्तरीच्या पुढे आहेत. अशाच एका आजींशी आम्ही बोललो. जांभळी टोपी, मांडीवर लॅमिनेट केलेला जुना फोटो, त्यात कुठली मुलगी आपण हे त्या नखाने टकटक करून दाखवत होत्या. धुराचं त्यांना फारसं आठवत नव्हतं, घोडे आठवत होते. म्हणाल्या, घोडेस्वार पुलापासून मागे लागले ते थेट चर्चजवळच्या आमच्या वस्तीपर्यंत, आणि डांबरी रस्त्यावरचा टापांचा आवाज अजून नको वाटतो. माझ्या मुलीने विचारलं की पुन्हा कधी मोर्च्यात गेलात का, तर आजी हसल्या, "अगं, दोनच दिवसांनी!" रविवारच्या गर्दीत हे होणं शक्य नाही हो. फक्त एक करा, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि त्यांनी काही विकायला ठेवलं असेल तर घ्या.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर पंचाईत आहे. कोलार्ड ग्रीन्स ही पालेभाजी आहे म्हणून घेऊ नका, त्यात बहुधा डुकराचं नाहीतर टर्कीचं मांस घालून शिजवतात, बीन्सचंही तेच. मक्याचा ब्रेड, उकडलेले शेंगदाणे आणि घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या यावर आमचा दिवस निघाला. रोख पैसे ठेवा, छोट्या स्टॉलवर लागतात.

रविवारी गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा कारण पुलाजवळचे रस्ते बंद असतात, आणि कोणी बडा नेता येणार असेल तर सिक्युरिटीच्या रांगेत तासन् तास जातात. ओबामा २०१५ ला आले होते, बायडन २०२३ ला. मोर्चा ब्राउन चॅपल चर्चपासून निघतो, लाल विटांचं, दोन मनोऱ्यांचं देखणं चर्च, पण आत सोडतात का ते आधी बघा, दुरुस्तीचं काम बरंच लांबलंय. ठरलेल्या वेळेला काही निघत नाही हे गृहीत धरा, पाणी, टोप्या, घडीची खुर्ची बरोबर हवी, आणि स्ट्रोलर असेल तर मागच्या बाजूला राहा.

पुलाबद्दल एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. तो मधोमध उंच आहे. गावाच्या बाजूने चढताना पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं आकाश आणि कमानीवरची काळी अक्षरं, आणि माथ्यावर पोचलं की एकदम खालचा रस्ता समोर येतो. त्या ६०० जणांना ट्रूपरांची भिंत तिथेच पहिल्यांदा दिसली, आणि तरी ते खाली उतरले. माथ्यावर दोन मिनिटं कडेला थांबा, मागचे लोक ढकलतात पण थांबा.

आणि हो, पेटस हा कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सेनेतला जनरल आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा अलाबामातला म्होरक्या. पुलाला अजून त्याचंच नाव आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा बघितलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही, पण नाव बदलू नका असं २०१५ मध्ये खुद्द जॉन लुईस यांनीच म्हटलं होतं, आणि आजींचंही तेच म्हणणं पडलं. मला अजून पटलेलं नाही.

सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मध्ये हायवेवर लाउंड्स इंटरप्रिटिव्ह सेंटर हे माहिती केंद्र लागतं, नॅशनल पार्क सर्व्हिसचं, फुकट आहे, आणि लोक सुसाट पुढे निघून जातात. या लाउंड्स काउंटीत तेव्हा ८० टक्के लोक कृष्णवर्णीय आणि १९६५ च्या सुरुवातीला यादीत त्यांच्यातला एकही मतदार नाही. मोर्च्यानंतर ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं आणि ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबूत राहिली, काही तर दोन वर्षांहून जास्त. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदानाच्या हक्काच्या कायद्यावर सही झाली एवढंच आपण वाचलेलं असतं, त्या सहीनंतरची थंडी तंबूत कोणी काढली ते इथे कळतं. शनिवारी जाताना थांबा, वेळा आधी बघून घ्या.

माँटगोमेरीत लेगसी म्युझियम आणि लिंचिंगचं, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं, स्मारक बघायला अख्खा दिवस लागतो, तिकीट ५ डॉलर, म्युझियममध्ये फोटो काढू देत नाहीत. स्मारकात ८०० च्या वर लोखंडी खांब वरून टांगलेत, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर तिथे मारलेल्यांची नावं. दहाबारा वर्षांच्या आतल्या मुलांना ते जड जाईल. ते शुक्रवारी उरका, रविवारी मोर्च्यानंतर पायात त्राण राहत नाही.

परतताना यूएस-८० दोनतीन तास तुंबलेला असतो, तेव्हा सेल्मात शिरायच्या आधीच पेट्रोल भरून ठेवा. आणि अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे आहे, जाताना मिळालेला तास येताना जातो, सोमवारी आठची मीटिंग असेल तर आत्ताच कळवून टाका.