एरियल आत घेतलं, अण्णांचं परभणी केंद्र राखलं

आमच्या जुन्या मारुती ८०० चं चौथं एरियल दिवाळीनंतर मोडलं. पाथरीकडे शेतात जाताना कालव्याच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर समोर आला. त्याला बाजू द्यायला गाडी बाभळीखाली घातली आणि पिलरवरची, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावरची, दांडी बुडापासून वाकून लटकली. आधीची तीनही अशीच गेली होती. एक फांदीनं, एक गल्लीतल्या पोरांनी ओढून, एक गाडी धुवायला दिली तिथं. या वेळी ठरवलं, आता बाहेर काही ठेवायचंच नाही.

एरियल लागतं ते अण्णांसाठी. गाडीत बसले की चाक फिरायच्या आधी ते आकाशवाणी परभणी लावतात, मीडियम वेव्ह १३०५ किलोहर्ट्झ. बातम्या, हवामान, कापूस-सोयाबीनवरचा सल्ला, सगळं तिथूनच. मोबाइलवरही रेडिओ लागतो हे मी त्यांना दाखवलं, पण शेताच्या रस्त्याला रेंज जाते आणि नेमका बोलणाऱ्याचा शब्द तुटतो. म्हणूनच गाडीतला टेपही, म्हणजे रेडिओचा डबा, मी बदलला नाही. हल्लीच्या बऱ्याच स्वस्त टेपांत एफएम असतं, मीडियम वेव्ह नसतंच. नवा टेप घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

परभणीतल्या एका दुकानात गेलो. त्यांनी पिलरवरचं एरियल काढलं, डॅशबोर्डखाली एक काळी वायर आडवी चिकटवली आणि तिची पिन टेपमागे खोचली. दुकानासमोर एफएम स्वच्छ लागलं, मी पैसे देऊन निघालो. घरी आल्यावर अण्णांनी १३०५ लावलं तर नुसती गुणगुण. आवाज पूर्ण वाढवला तरी माणूस बोलतोय की पंखा फिरतोय, कळेना. अण्णा काही बोलले नाहीत, टेप बंद केला आणि उतरले. मला ते फार लागलं.

मग कारण शोधायला बसलो. एफएमची लाट साधारण तीन मीटरची. तिचा पाव भाग पाऊण मीटर, म्हणून बाहेरची दांडी जवळपास तेवढी असते. ही लाट काचांमधून आत शिरते, त्यामुळे आतल्या वायरलाही सापडते. १३०५ ची लाट मात्र २३० मीटर लांब. एवढ्या लाटेपुढे गाडीच्या खिडक्या काहीच नाहीत, पत्र्याची पेटी तिला बाहेरच अडवते. त्यात डॅशबोर्डच्या पोटात आडवा लोखंडी पाइप आणि वायरिंगचा सगळा गुंता, म्हणजे एरियल सगळ्यात वाईट जागी गेलं होतं. मीडियम वेव्ह ऐकायचं असेल तर लपवायचं एरियलही काचेवर, जमेल तितकं वर आणि पत्र्यापासून दूर हवं.

नांदेडला कामाला गेलो होतो, तिथून काचेवर चिकटवायचं, आलेला सिग्नल मोठा करणारं ॲम्प्लिफायरवालं एरियल आणलं. घेताना खोक्यावर एएम (म्हणजे आपलं मीडियम वेव्ह) आणि एफएम दोन्ही लिहिलंय का ते वाचून घेतलं, कारण यातली बरीच एफएमपुरतीच असतात. आत दोन पातळ पट्ट्या, काडेपेटीएवढी एक डबी आणि डबीतून निघालेल्या तीन गोष्टी: टेपकडे जाणारी केबल, बारा व्होल्टची वायर आणि अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची, तांब्याची चकती. या चकतीनंच मला पुढचे दोन रविवार फिरवलं.

समोरच्या काचेच्या वरच्या कडेला उन्हासाठी लावलेली जुनी चंदेरी फिल्मची पट्टी होती. २०१२ साली गाडीच्या काचांवर फिल्म नको असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा बाजूच्या काचांच्या फिल्म आम्ही काढल्या, ही मात्र राहून गेली होती. तशीही ती नियमात बसत नव्हती, आणि चंदेरी फिल्म म्हणजे धातूचा थर, तिच्याखाली एरियल लावून उपयोग नाही. हेअर ड्रायरनं गरम करून ती सोलली, उरलेला गोंद स्पिरिटनं पुसला. पट्ट्या सकाळी सातला लावल्या, काच तापायच्या आत. डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक आडवी, एक पिलरला समांतर उभी, पण पत्र्यापासून चार बोटं सोडून.

आमच्या कॉलनीतले ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांना सगळे मामू म्हणतात, त्यांना वायर जोडायला बोलावलं. त्यांनी घाईत ती टेपच्या पिवळ्या वायरला जोडली. रात्री गेट लावायला बाहेर आलो तर अंधाऱ्या गाडीत काचेवर एक लाल ठिपका. गाडी बंद, टेप बंद आणि ॲम्प्लिफायर चालूच. पिवळी वायर बॅटरीवर कायम चालू असते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली असती तर बॅटरी उतरली असती. दुसऱ्या दिवशी मामूंनी स्वतःहून ती निळ्या वायरला घेतली. टेप लावला की दिवा लागतो, बंद केला की विझतो. निळी वायर त्यासाठीच असते.

तरीही १३०५ वर खरखर. एफएम बरं, पण परभणी पुसट. इंजिन सुरू केलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढायचा. मामू म्हणाले, “अर्थ बघा सायब. बाकी सगळं बरोबर हाय.” बघितलं तर चकती पिलरच्या प्लास्टिक कव्हरवर चिकटवली होती. माझंच काम ते. कव्हर काढलं, आत रंगवलेला पत्रा. त्यावर चिकटवली, थोडा फरक पडला. रंगही वीज जाऊ देत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. पुढच्या रविवारी पॉलिश पेपरनं रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासली. आधी पांढरी पूड निघाली, मग करडा थर, मग खाली पत्रा चमकला. तिथं जुना स्क्रू होता, त्याच्या वायसरखाली चकती दाबली आणि मल्टीमीटरची एक पिन डबीच्या कडेला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. मीटर लगेच वाजलं, म्हणजे अर्थ नीट लागला.

अण्णा पुढच्या सीटवर बसले होते. मी टेप लावला. “अण्णा, येतंय का आता?”

“आलं बघ,” अण्णा म्हणाले, “पण ती बारीक शिट्टी कामून वाजतीय?”

इंजिन बंद होतं, म्हणजे ती अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची) नव्हती. लायटरच्या सॉकेटमध्ये माझा मोबाइलचा चार्जर होता. तो उपटला आणि शिट्टी गेली. परत लावला, परत आली. अण्णांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बातम्या लागल्या की हा काढून ठेवत जा.” आता तसंच करतो. तुमच्याकडे असा आवाज आला तर एरियलला दोष देण्याआधी इंजिन बंद ठेवून गाडीतले चार्जर, कॅमेरा, एलईडी दिवे एकेक काढून बघा.

दुरुस्तीचं खरं अवघड काम माझ्या मते शेवटी राहतं, आणि बहुतेक जण ते सोडून देतात. पिलरवर जुन्या एरियलची तीन भोकं होती. दोन स्क्रूची, एक केबलचं. दुकानात ती नुसती चिकटपट्टीनं झाकली होती. पट्टी काढली तर कडेला गंज धरलेला. त्या भोकातून पावसाचं पाणी पिलरच्या पोटात आणि तिथून पायाखालच्या चटईत जातं. जूनमध्ये हे कळून काय उपयोग. गंज घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात दिला, मोठ्या भोकात रबरी ग्रोमेट (बूच) बसवलं, लहान दोन सिलिकॉननं भरली आणि एक दिवस हात लावला नाही. मग अण्णा आत टॉर्च घेऊन बसले आणि मी बाहेरून दहा मिनिटं पाइपनं पाणी मारलं. “कोरडं हाय,” असं त्यांनी तीनदा सांगितलं, तेव्हा नळ बंद केला.

आता कुठपर्यंत ऐकू येतं ते खरं सांगतो. बाहेरची दांडी होती तेव्हा १३०५ माजलगावपर्यंत यायचं. आता मानवतपर्यंत अगदी स्वच्छ, पाथरीला थोडी खरखर, पण शब्द न शब्द कळतो. पाथरीच्या पुढे विजेच्या तारांखालून गेलं की बुडतं. ॲम्प्लिफायर जे येतं तेच मोठं करतो, खरखरही मोठी करतो, त्यामुळे दांडीची बरोबरी होत नाही. ज्याला रोज लांबवर मीडियम वेव्ह ऐकायचं आहे, त्यानं बाहेरचंच एरियल ठेवावं असं मी म्हणेन. आमचं शेत पाथरीच्या अलीकडे आहे, आम्हाला पुरतं. बहिणीकडे बीडला जाताना पाथरीनंतर अण्णा स्वतःच एफएमवर येतात आणि बीड जवळ आलं की आकाशवाणी बीडचं १०२.९ लावतात.

गेल्या आठवड्यात त्याच कालव्याच्या रस्त्यानं गेलो. उसाची बैलगाडी आली, मी बाभळीखाली गाडी घेतली. फांदी पिलरवरून सरसरत मागे गेली. आत हवामानाचा अंदाज चालू होता, आणि अण्णांनी आवाज थोडा वाढवला.