एका फॉग लॅम्पच्या बल्बसाठी पाच आठवडे

दर शनिवारी आंबोली घाट चढून जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी तोच घाट उतरणाऱ्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये फॉग लॅम्प ही शोभेची वस्तू वाटत नाही. माझे घर सावंतवाडीत आहे आणि आई आजऱ्याला असते, त्यामुळे पावसाळ्यातही ही फेरी चुकत नाही. दाणोली मागे पडून चढ सुरू झाला की काही दिवशी धुके इतके दाटते की बॉनेटच्या पुढचे काही दिसेनासे होते. अशा वेळी रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा हाच काय तो आधार असतो. तो पट्टा दाखवण्याचे काम बंपरमधले दोन बुटके दिवे करतात, आणि गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांतला नेमका डावा, कडेच्या बाजूचा दिवा बंद पडला.

फ्यूज गेला असता तर दोन्ही दिवे एकदम गेले असते. एकच गेला म्हणजे बल्ब उडाला, एवढे मला कळत होते. बल्ब बदलणे हे दहा मिनिटांचे काम, असे समजून मी जिल्ह्यातल्या ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची देखभाल करून घेतो तिथे गेलो. ती चूक होती, हे समजायला मला पाच आठवडे लागले.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या तरुणाने चेसिस नंबर संगणकात घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर ‘फॉग लॅम्प असेंब्ली, डावी’, म्हणजे डावा अख्खा दिवा, अशी एकच ओळ होती आणि तिच्यापुढे दोन हजारांच्या वरची किंमत होती. काच शाबूत आहे, आतला परावर्तक शाबूत आहे, फक्त बल्ब गेला आहे, असे मी सांगितले. त्यावर “बल्बचा पार्ट नंबर वेगळा निघत नाही, काका,” असे उत्तर मिळाले. मी पार्ट्स काउंटरवर गेलो, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी आधी जॉब कार्ड मागितले. जॉब कार्डासाठी गाडी रांगेत लावावी लागत होती आणि रांगेत माझ्यापुढे अकरा गाड्या होत्या. दुपारी अडीच वाजता माझे जॉब कार्ड निघाले. ते घेऊन मी पुन्हा पार्ट्स काउंटरवर आलो, तर त्या गृहस्थांनी मलाच विचारले, “कुठला बल्ब मागवू?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारावा याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. मी गाडीच्या डॅशबोर्डातून मॅन्युअल काढून आणले. बल्बांच्या तक्त्यात फॉग लॅम्पपुढे दोन आकडे छापलेले होते, ३५ वॅट आणि १९ वॅट, आणि खाली ‘मॉडेलप्रमाणे’ एवढाच खुलासा होता. माझे मॉडेल कोणते, हे चेसिस नंबरावरून त्यांना कळायला हवे होते. निदान गाडी बाहेर उभी होती, तिच्यातला जुना बल्ब काढून पाहता आला असता. त्यांनी या दोहोंपैकी काहीही केले नाही. “एच११ लिहितो, तो सगळ्या गाड्यांना बसतो,” असे म्हणून त्यांनी जोडीचे ९२० रुपये आगाऊ भरून घेतले आणि पावती माझ्या हातात दिली. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी छापलेले होते, जे मी त्या दिवशी वाचले नाही.

अकराव्या दिवशी फोन आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो, तेव्हा पार्ट्स काउंटर जेवणासाठी बंद होता. तो उघडल्यावर बल्बचा खोका मिळाला आणि एका मुलाने डाव्या चाकाशी बसून बल्ब बसवण्याचा प्रयत्न सुरू केला. पाच मिनिटांनी तो उठला आणि म्हणाला, “थोडं लॉक अडतंय, कानशीनं घासलं की बसेल.” त्याच्या हातात खरोखरच कानस होती. खोक्यावर ५५ वॅट लिहिलेले मी तोवर वाचले होते आणि मॅन्युअलमधल्या दोन आकड्यांपैकी तो एकही नव्हता. तेवढ्या एका संशयावर मी त्याला थांबवले, आणि या सबंध प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट हीच.

का, हे नंतर समजले. एच८, एच११ आणि एच१६ हे तिन्ही बल्ब एकाच घराण्यातले आहेत. तिघांचा तळ पीजीजे१९ याच प्रकारचा असतो, एल-आकाराचा प्लॅस्टिकचा सांगाडाही सारखाच दिसतो, आणि हातात धरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. १२ व्होल्टला एच८ हा ३५ वॅटचा आणि सुमारे ८०० ल्यूमेनचा (ल्यूमेन हे उजेडाचे माप), एच११ हा ५५ वॅटचा आणि सुमारे १३५० ल्यूमेनचा, तर एच१६ हा १९ वॅटचा आणि सुमारे ५०० ल्यूमेनचा असतो. एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणूनच तळाच्या कडेची लॉके, म्हणजे खाचांत अडकणारे दात, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहेत. म्हणजे तो मुलगा जे लॉक घासायला निघाला होता, ते मुद्दाम अडण्यासाठीच बनवलेले होते. १९ वॅटचा बल्ब दीड अँपिअरच्या आसपास वीज घेतो, ५५ वॅटचा साडेचारच्या वर. तेवढ्याने वायर, होल्डर आणि रिले यांच्यावर तिप्पट भार पडतो, आणि छोट्याशा बंद डब्यात तिप्पट उष्णता कोंडते. १९ वॅटच्या हिशेबाने बनवलेली प्लॅस्टिकची काच आणि परावर्तकाचा मुलामा ती फार दिवस सोसणार नाहीत. मग ती दोन हजारांची असेंब्ली घ्यावीच लागली असती, तीही दोन्ही बाजूंची.

तिसरी फेरी पैसे परत मागण्यासाठी झाली. तेव्हा पावतीच्या तळची बारीक अक्षरे मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आली: इलेक्ट्रिकल वस्तू परत घेतली जात नाही. वस्तू मी निवडलेली नाही, तुम्ही निवडली, असे मी म्हणालो. त्यावर मागणी-पत्रावर सही माझी आहे, असे उत्तर आले. वरिष्ठांना भेटायचे तर ते सोमवारी येणार होते. मी खोका घेऊन बाहेर पडलो.

या मधल्या काळात मी स्वतःही एक मूर्खपणा केला, तो लपवण्यात अर्थ नाही. पुतण्याने आपल्या गाडीतून काढून ठेवलेले एलईडी बल्ब आणून दिले, ६००० केल्विनचे, पांढरेशुभ्र, तळाला अनेक लॉकांत बसेल असा फिरता गळा असलेले. घरासमोर ते असे लखलखले की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. त्याच शनिवारी रात्री घाटात धुके मिळाले आणि माझ्यासमोर चुन्याची भिंत उभी राहिली. हॅलोजन बल्बची तार ज्या बिंदूवर असते, त्या बिंदूसाठी परावर्तकाची वळणे आखलेली असतात. एलईडीच्या चकत्या अगदी त्याच जागी आणि त्याच आकाराच्या नसल्या, की प्रकाश कसाही फेकला जातो. फॉग लॅम्पची खरी करामत त्याच्या झोताच्या आकारात आहे. दिवा खाली बसवलेला असतो, झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो, म्हणून तो डोळ्यांसमोरच्या धुक्यावर न आदळता रस्त्यालगत पसरतो. ती वरची कापलेली कड गेली की अप्पर लावून धुक्यात शिरल्यासारखेच होते. समोरून येणारा एसटीचा चालक मला अप्पर-डिपर देऊन देऊन थकला असणार. चौकुळच्या फाट्यापाशी मी ते बंद केले आणि उरलेला रस्ता साध्या डिपरवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला.

अखेर गावातल्याच एका वयस्क वायरमनकडे गेलो. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “जुनो बल्ब काढून बघलात काय?” मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितले, म्हणजे डाव्या चाकापुढे हात घालायला जागा होते. चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तीन क्लिपा काढल्या, अस्तर थोडे वाकवले, कनेक्टर सोडवला आणि बल्ब डावीकडे किंचित फिरवून बाहेर ओढला. फडक्याने तळ पुसून उजेडात धरला. त्यावर स्पष्ट कोरलेले होते: एच१६, १२ व्होल्ट, १९ वॅट. या सगळ्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पाच आठवडे ते उत्तर माझ्याच बंपरमध्ये बसलेले होते.

त्यानंतरचे सांगण्यासारखे फारसे नाही. कोल्हापूरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात फोन करून अक्षर-आकडा सांगितला, एच१६ची जोडी एसटी पार्सलने दुसऱ्या दिवशी आली आणि बसली. जोडीच घ्यावी, कारण एका वयाचे दोन बल्ब असतील तर दुसराही फार मागे राहत नाही, आणि नव्या-जुन्याचा उजेड सारखा पडत नाही. खोक्यावर आणि तळावर वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर आणि शेजारी आकडा आहे का, तेही पाहावे. तो मान्यताप्राप्त नमुन्याचा शिक्का असतो.

पिवळा घ्यावा की पांढरा, यावर दुकानदाराने फोनवर बराच आग्रह केला. पिवळा धुके फाडतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे फाडण्याचे श्रेय रंगाला देता येत नाही. निळा भाग गाळला गेल्याने डोळ्यांना चमक कमी त्रास देते, एवढा फायदा खरा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींच्या पुढच्या दिव्यांना पिवळ्या प्रकाशाची सक्ती होती. मात्र पिवळा मुलामा थोडा उजेडही गिळतो, आणि १९ वॅटमध्ये गिळायला फार काही नाही. मी साधा हॅलोजन घेतला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. बल्बच्या काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल काचेवर राहिले की तिथे उष्णता साचून बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून कोरडे करावे. आणि अस्तर काढलेच आहे तर दिव्याच्या मागचा उंचीचा स्क्रूही पाहून घ्यावा. माझा उजवा दिवा कित्येक महिने झाडांच्या शेंड्यांकडे पाहत होता, हे मला घरासमोरच्या भिंतीवर दोन्ही झोत शेजारी पडल्यावरच कळले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी घाटात धुके होते. पांढरा पट्टा बंपरपासून सात-आठ मीटरपर्यंत सलग दिसत होता आणि मला त्याहून जास्त काही नको होते. सर्व्हिस सेंटरच्या वरिष्ठांनी सप्टेंबरमध्ये ९२० रुपयांची क्रेडिट नोट दिली, ती केवळ त्यांच्याच पार्ट्स काउंटरवर आणि सहा महिन्यांच्या आत वापरता येणार होती. तिची मुदत मार्चमध्ये संपली. एच११ची जोडी अजून डॅशबोर्डाच्या कप्प्यात आहे. कोणाच्या गाडीत जुन्या बल्बवर खरोखरच एच११ कोरलेले असेल तर त्याने येऊन घेऊन जावी.