रात्रीची सुई जेवणासाठी नसते

एकादशी आली की मावशीचा फोन येतोच. "अगं, आज मी काही जेवणार नाहीये, मग रात्रीचं इन्सुलिन नाही घेतलं तर चालेल ना?" आणि लग्नसराईत बरोब्बर उलटं, "आज दोन जिलब्या झाल्या गं, चार युनिट जास्त घेऊ का?" मावशी एकटीच नाही, आमच्या ओळखीत जितके लोक दिवसभर हळूहळू काम करणाऱ्या लाँग अॅक्टिंग इन्सुलिनवर आहेत त्यातल्या बहुतेकांचा हाच समज आहे की सुई म्हणजे जेवणाचा हिशोब, जेवलो तर घ्यायची, कमी जेवलो तर कमी घ्यायची. मी डॉक्टर नाही. आईचं इन्सुलिन, मीटर, स्ट्रिपा सगळं मीच बघते, म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते लिहितेय, कारण यातल्या गैरसमजाने माणूस खरंच दवाखान्यात पोचतो.

आपण काही खाल्लं नाही तरी लिव्हर रक्तात साखर सोडतच असतं, रात्री झोपेतसुद्धा. मेंदूला ती लागते. ज्याला डायबेटीस नाही त्याच्या शरीरात या साखरेपुरतं थोडं थोडं इन्सुलिन चोवीस तास झिरपत असतं, आणि लाँग अॅक्टिंग म्हणजे ग्लार्जिन, डेग्लुडेक वगैरे हे त्या झिरपण्याची जागा घेतं. जिलबीशी त्याचा संबंध नाही. जास्त खाल्लं म्हणून रात्री चार युनिट वाढवली तर जिलबीची साखर तेव्हा उतरत नाहीच, ती जादा चार युनिटं पहाटे तीनला काम करत बसतात, जेव्हा पोटात काही नसतं.

ग्लार्जिनचं तर मला फार नवल वाटतं. पेनमध्ये ते आम्लधर्मी असतं म्हणून पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, कातडीखाली गेलं की तिथे आम्ल नसतं त्यामुळे त्याचे बारीक कण होतात आणि ते कण साधारण दिवसभर हळूहळू विरघळत राहतात. म्हणूनच ते दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनसोबत एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. डेग्लुडेक त्याहून लांब, चाळीस तासांच्या आसपास टिकतं. त्यामुळे आज डोस बदलला तर उद्याच्या फास्टिंगवर (सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरवर) निकाल लावू नका, तीन-चार दिवस द्या. आमच्या डॉक्टरांनी आईला दिलेली पद्धत अशी की तीन दिवसांची फास्टिंग बघायची आणि गरज असेल तरच २ युनिटं वर किंवा खाली, पण शुगर लो झाली तर तीन दिवस वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा नियम कागदावर लिहूनच घ्या.

एक गोष्ट बघायला मला फार उशिरा कोणी सांगितली, ती म्हणजे झोपतानाची शुगर आणि सकाळची शुगर यातला फरक. झोपताना २१० आणि सकाळी १२० आली तर घरात सगळे खूश, फास्टिंग छान आली म्हणून. पण रात्रीत ५० च्या वर घसरण रोजच होत असेल तर रात्रीचा डोस जास्त असू शकतो, आणि ज्या दिवशी झोपतानाच १३० असेल त्या रात्री काय होईल याचा विचार करा! अशा वेळी खरी गडबड बहुतेकदा रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेत असते आणि ओझं बिचाऱ्या लाँग अॅक्टिंगवर टाकलेलं असतं. ही दोन्ही रीडिंग वहीत शेजारी शेजारी लिहा आणि वही डॉक्टरांसमोर ठेवा.

उपवासाचं म्हणाल तर टाइप १ वाल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) लाँग अॅक्टिंग कधीच आपल्या मनाने बंद करायचं नाही, कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जिवावर बेततं. टाइप २ ला डॉक्टर कधी थोडं कमी करतात, पण ते आधी विचारून. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन सोबत असेल तर रिकाम्या पोटी त्यांचा धोका जास्त, त्यांच्याबद्दल वेगळं विचारा. आणि तुमचं इन्सुलिन ३०-७० चं मिक्स असेल तर मी वर लिहिलेलं तुम्हाला लागू नाही, त्यात जेवणाचा भाग असतो. (साबुदाण्याच्या खिचडीने शुगर कुठे जाते ते मीटर लावून बघाच एकदा.)

आता पेनची अदलाबदल. पूर्वी दुधाळ दिसतं ते लांब चालणारं आणि स्वच्छ दिसतं ते फास्ट (जेवणाआधीचं), अशी सोपी खूण होती. आता दोन्ही स्वच्छ. रात्री लाँगच्या जागी चुकून फास्ट घेतलं गेलं तर काही तासांत शुगर खोल जाते. आईला मोतीबिंदू होता तेव्हापासून आम्ही लाँगच्या पेनला जाड रबरबँड गुंडाळलाय, अंधारातही बोटाला कळतो, आणि फास्टचं पेन वेगळ्या खोलीत, जेवणाच्या टेबलाजवळ.

त्याहून मोठी भीती सिरिंजची. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या पुष्कळशा बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली येतं, म्हणजे २० नाही, ५० युनिटं! एका मिलीत ३०० युनिटवालं पेन असेल तर दीडशे. पेनमधून सिरिंजने काढायचंच नाही, पेन बिघडलं तर दुसरं आणायचं. मेडिकलवाला "चालतं हो" म्हणाला तरी नाही.

उन्हाळ्यात अकोल्याला ४४-४५ जातं. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, फ्रीझरला चिकटून नाही, गोठलं तर फेकायचं. वापरातलं ३० च्या खाली, ग्लार्जिन बहुतेक २८ दिवस, डेग्लुडेक ८ आठवडे, उघडल्याची तारीख पेनवर चिकटपट्टी लावून लिहा. लाइट जाते तिथे मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं, हे आमच्याकडे चांगलं चालतं, कोकणातल्या दमट हवेत तितकं नाही चालणार.

जागा रोज बदला. एकाच जागी टोचून पोटावर गाठी होतात, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि एक दिवस चांगल्या जागी तोच डोस घेतला की तो पूर्ण लागतो आणि शुगर पडते. सुई नवीन, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब बघायचा, टोचल्यावर दहा आकडे मोजून बाहेर काढायची. डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचा नाही.

शुगर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ दिसला की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मीटर. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपाने आणि स्निग्धाने साखर हळू चढते. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड, थरथर कमी जाणवू शकते, घाम मात्र येतो. किडनी कमजोर झाली असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, तेव्हा किडनीच्या तपासणीचा म्हणजे क्रिअॅटिनिनचा रिपोर्ट बदलला की डोसचं विचारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८. आणि शुगर एकदा ११० वर आली म्हणून सगळे झोपायला जाऊ नका, लाँग अॅक्टिंग अजून आत काम करतंय, ती परत खाली येऊ शकते. पोळीचा तुकडा किंवा दूध-बिस्कीट द्या, तासाभराने पुन्हा बघा, आणि त्या रात्री कोणीतरी त्याच खोलीत झोपा.