दोन जुड्या मेथी

"आणि मग मुख्याध्यापकबाई हत्तीवर बसून आल्या," लेक म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

"हत्तीनं आमचे सगळे डबे खाल्ले."

"बरं."

मग ती काहीच बोलली नाही. पोळीचा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मलाही जरा उशिरानंच कळलं की जेवणघर गप्प झालंय. ती स्नेहसंमेलनाबद्दल काहीतरी सांगत होती, इथपर्यंत आठवत होतं. हत्ती कुठून शिरला ते नाही. बायको म्हणाली, "तो अजून ऑफिसातच आहे." हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा बोलून झालंय की आता त्यात रागही नसतो. बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणतात.

खरं तर मी ऑफिसातही नव्हतो. एका दूध संकलन केंद्रावर होतो. आमची कंपनी दूध संघांचं सॉफ्टवेअर करते. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो, काट्यावर लिटर दिसतात, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला उरलेला घन अंश) सांगतं, पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. हा हिशेब आमच्या प्रोग्रामकडे. त्या आठवड्यात एका केंद्रावरून तक्रार आली होती, एकाचं एका सकाळचं दूध बिलात नाही. साडेसहा लिटर. पावती त्याच्या हातात, बिलात मात्र ती सकाळ कोरी. दोन दिवसांनी दुसऱ्या केंद्रावरून तसंच. हजारो नोंदी बिनचूक आणि मधूनच एखादी सकाळ गायब. रोज चुकत असतं तर अर्ध्या तासात सापडलं असतं. कधीमधी चुकणारी गोष्ट म्हणजे दाढेत अडकलेली बडीशेप. कितीही ठरवा, जीभ तिथेच जाते.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, स्वारगेट डेपोला. त्यांची ड्युटी संपली म्हणजे संपली, असं मला लहानपणी वाटायचं. गाडी डेपोत लावायची, तिचं काही दुखणं असेल, क्लच घसरतोय, ब्रेक एका अंगाला ओढतोय, तर ते लिहून द्यायचं, की ती रात्र मेकॅनिकची. घरी आले की खाकी शर्ट खुंटीला. त्या खुंटीचा मला फार हेवा वाटे. माझं काम अंगातून काढून कुठे टांगायची सोयच नाही. आईजवळ एकदा हे बोललो तर ती हसायलाच लागली. "अरे, ते झोपेत ब्रेक दाबायचे! महाबळेश्वरची गाडी असली की पसरणीचा घाट रात्रभर अंथरुणात. दोन चादरी फाडल्या टाचेनं." इतकी वर्षं मी त्या खुंटीवर विश्वास ठेवून होतो.

पूर्वी निदान रस्ता होता. हिंजवडीहून कोथरूडला यायला तास, कधी दीड तास. तेव्हा मी त्या रस्त्याला मनापासून शिव्या घातल्या आहेत. पण वाकडच्या पुलाखाली ठणकणारं डोकं चांदणी चौकात येईतो निम्मं निवलेलं असायचं, हे मला २०२० च्या मार्चनंतर कळलं. ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. लॅपटॉप मिटला की त्याच जागी, तो जिथे तापला होता तिथेच, ताट. आता आठवड्यातले तीन दिवस जाणं असतं, तरी उरलेले दोन दिवस बाकीच्या तिघांना पुरून उरतात.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदाच आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका कशी मिळेल हे कामगार प्रतिनिधींशी बोलून ठरवायचं. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलं होतं. तसा कायदा व्हावा असं मलाही वाटतं. कारण रात्री अकराला "फक्त पाच मिनिटं" म्हणून फोन करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि एकदोनदा तसा फोन मी स्वतःही केला आहे. पण मला त्या रात्री कोणी फोन केला नव्हता. साहेब त्यांच्या घरी, क्लायंट त्याच्या घरी, सगळे जेवत होते. माझं मीच मला बोलावत होतो, आणि त्यावर कोणता कायदा करणार?

ह्याचं एक जुनं स्पष्टीकरण आहे. ब्लूमा झायगार्निक नावाची बाई बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे मानसशास्त्र शिकत होती. तिनं लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी करू दिली आणि काही मधेच थांबवली. नंतर विचारलं तर थांबवलेली कामंच लोकांना जास्त आठवत होती. १९२७ साली तिनं हे छापलं. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा प्रत्येकाला तसंच दिसलं असं नाही, पण मला पटायला माझी एक रात्र पुरते. आमच्या धंद्यात तर काम पुरं झालं असं कधी होतच नाही. सुतार खुर्ची करून देतो, ती खुर्ची जाते. आमचा प्रोग्राम परत परत दारात येऊन उभा राहतो.

तिच्याहून मला कामाचं वाटलं ते मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांचं, २०११ सालचं संशोधन. काम संपवायची गरज नाही, ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी मनाची टोचणी थांबते, असं त्यांना आढळलं. म्हणजे वडिलांचं "लिहून दिलं की मेकॅनिकची रात्र" हेच. तेव्हापासून लॅपटॉप मिटण्याआधी मी पाठकोऱ्या कागदावर एक चिठ्ठी लिहितो. त्यात "तो प्रॉब्लेम बघणे" असं लिहून चालत नाही. "सकाळी आधी दहा तारखेच्या नोंदी, केंद्रवार, वेळेसकट काढणे" असं लिहावं लागतं. सातातल्या चार रात्री उपयोग होतो. उरलेल्या तीन रात्री चिठ्ठी टेबलावर झोपते आणि मी जागा.

त्या तीन रात्रींसाठी माणसं उपाय सुचवतात. ध्यानाला बसून पाहिलं. डोळे मिटल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत अख्खी क्वेरी, म्हणजे नोंदी शोधून काढायचा हुकूम, दिसायला लागली, ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसते त्याहून स्वच्छ. सकाळी चालायला गेलो तर पाय चालत राहिले आणि डोकं बसून राहिलं. टीव्हीचं तर नावच नको. त्याला आपलं लक्ष नसलेलं चालतं.

मेथीला चालत नाही. हा शोध आईचा. हत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटून, तरी लॅपटॉपकडेच बघत बसलो होतो. तिनं माझ्यापुढे पेपर अंथरला, त्यावर दोन जुड्या ठेवल्या आणि म्हणाली, "नुसता बसलायस तर निवड."

जुडीचा दोरा सोडला की मेथी अंग सैल करते आणि मुळांची ओली माती पेपरवरच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर पडते. एकेक काडी उचलायची. कोवळा देठ पानांसोबत घ्यायचा, जून झालेला टाकायचा. कुठवर कोवळा ते डोळ्यांना दिसत नाही. बोटांनी खुडताना टचकन तुटला तर घ्यायचा, वाकला तर टाकायचा. पिवळी पानं वेगळी. जुडीत गवताची एखादी पात हटकून असते, अगदी मेथीच्या काडीला चिकटून, आणि ती सुटली तर जेवताना कोणाच्या तरी दातांत येतेच. पाचेक मिनिटांत अंगठ्याचं नख हिरवं झालं. दूध केंद्र कुठेतरी मागे राहिलं. मुद्दाम विसरलो असं नाही, त्याला बसायला जागाच उरली नव्हती. डोळे गुंतलेले, बोटं गुंतलेली, आणि थोडं लक्ष हललं तरी देठ भाजीत आणि पानं कचऱ्यात.

आई शेजारी बसून फोनवर मावशीशी वाद घालत होती. मावशीच्या नातीला मुलगा झाला होता, बुधवारी पहाटे साडेचारला. बारसं बाराव्या दिवशी, तर दिवस कुठून धरायचे? मावशी म्हणे बुधवारपासून. आई म्हणाली, "उजाडायच्या आत झालाय ना? मग मंगळवारचाच तो. आपल्यात वार उजाडल्यावर बदलतो, घड्याळात बारा वाजले म्हणून नाही."

माझ्या हातात एक काडी होती. ती तशीच राहिली.

आमच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचला धरून चालतं. पुष्कळांचे सर्व्हर तसेच असतात, त्यात वावगं काही नाही. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख. तोही उजाडल्यावरच दिवस बदलणारा! आणि नोंदीवरची तारीख कोणीतरी, बहुधा मीच, सर्व्हरच्या घड्याळावरून घेतली होती. इतके दिवस निभावलं, कारण केंद्रांचे काटे सहाला सुरू व्हायचे. अलीकडे दूध न्यायच्या गाडीची वेळ काही रूटवर आधी आणली होती, म्हणून तिथले काटे पाचला सुरू झाले. रोज सहाला येणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. रोज पाचला येणाऱ्याच्या सगळ्याच सकाळी एकेक घर मागे सरकत होत्या, पण मोजणी जुळत होती. फटका बसला तो एक दिवस पावणेसहाला आणि दुसऱ्या दिवशी सव्वापाचला आलेल्या माणसाला. त्याच्या दोन्ही सकाळी एकाच तारखेवर पडल्या. प्रोग्रामला वाटलं आधीची नोंद दुरुस्त केलीय, त्यानं पहिली पुसून दुसरी ठेवली.

"ती काडी टाकायचीय का घ्यायचीय? धरून काय बसलायस?" आई.

"आई, दिवस उजाडल्यावर बदलतो."

"मग मी इतका वेळ मावशीला काय सांगतेय?"

मी उठायला लागलो. लॅपटॉप हाताच्या अंतरावर होता. आईनं नुसतं दुसऱ्या जुडीकडे बोट केलं. बसलो. ती जुडी निवडताना मात्र मन थाऱ्यावर नव्हतं, हे रात्री भाजीतल्या देठांवरून सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला तासभर लागला. पुसल्या गेलेल्या सकाळी केंद्रांवरच्या पावत्यांच्या नोंदींवरून शोधून परत भरायला तीन आठवडे. पहिल्या तक्रारदाराचे साडेसहा लिटर पुढच्या पगारात मिळाले.

आता ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगतो, आणि सांगताना मला स्वतःचाच थोडा संशय येतो. अशी गोष्ट फार सोयीची असते. आंरी पॉइन्कारे हा फ्रेंच गणितीही असंच सांगायचा. तो एका सहलीला निघाला होता, डोक्यात गणित नव्हतं, कूतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि कित्येक दिवस अडलेली कल्पना त्या पायरीवर सुचली. सगळे ती पायरी लक्षात ठेवतात. माझीही एक पायरी झाली. तिच्या जोरावर मला म्हणता येतं की बघा, डोकं चालू होतं म्हणून सुटलं. पण ज्या संध्याकाळी डोकं चालू होतं आणि काहीच सुटलं नाही, त्या किती? शेकड्यानं असतील. त्या संध्याकाळींत मी भाजीत मीठ नसल्याचं बोललो नाही, कारण ते कळलंच नाही. सासऱ्यांच्या ऑपरेशनची तारीख दोनदा विचारली. आणि एका शाळेच्या पटांगणात हत्ती येऊन गेला.

शिवाय मेथीसमोर बसलो तेव्हा मी विचार करत नव्हतो, ऐकत होतो. सुटलं ते त्यामुळे. मला वाटतं मावशीशी आईचं जे बोलणं चाललं होतं ते आदल्या रात्री ताटावर असतं तर मी त्यालाही "हं" म्हटलं असतं.

तर सध्या मी भाज्या निवडतो. मटार सोलून पाहिले. ते फार सोपं, बोटं आपोआप चालतात आणि मग डोकं मोकळं राहतं, उपयोग नाही. गवार बरी. चाकवत ठीक. पण मेथीला तोड नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी आता मला बघून दोन जुड्या बाजूला काढतात.

परवा सकाळी लेकीनं शाळेत न्यायचा डबा उघडून पाहिला, झाकण परत लावलं आणि विचारलं, "परत मेथी? आता काय अडकलंय, बाबा?"