साडेतीन

आमच्या फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याचं कार्ड आणि गॅसच्या पावतीच्या मधोमध, एक फुलस्केप कागद लटकतोय. 2024 च्या ऑगस्टमध्ये भाची इंजिनिअरिंगसाठी नाशिकला आली, आमच्याकडे राहू लागली आणि तिसऱ्याच रविवारी तिने पट्टीने रेघा मारून हा कागद तयार केला. रकाने पाच: चित्रपट, मामा, मामी, आजी, मी. घरात किंवा बाहेर जो चित्रपट पाहिला जाईल, त्याला प्रत्येकाने पाचपैकी स्टार द्यायचे. नियम दोन. अर्धा चालेल, पाव चालणार नाही. आणि दुसऱ्याचा आकडा पाहून आपला बदलायचा नाही.

दुसरा नियम आठवड्याभरात मोडला. मीच मोडला.

महिनाभराने भाची कागदासमोर उभी राहून दात घासत होती. तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "मामी, तू सगळ्यांना साडेतीनच दिलेत." पाहिलं तर खरंच. साडेतीन, साडेतीन, चार (हा माझ्या भावाने तिकीट काढलेला), साडेतीन, साडेतीन. म्हणजे मला चित्रपट आवडत नाहीत असं नाही, आवडतात असंही नाही. मला फक्त कुणाशी वाद नकोय. तीन दिले तर "का गं, काय वाईट होतं?" चार दिले तर "एवढं काय होतं त्यात?" साडेतीनला कुणी काही विचारत नाही. लग्नाच्या आहेरात एक्कावन्न आणि एकशे एकच्या मध्ये जसा एक आकडा असतो, तसा तो आहे.

खरं म्हणजे मराठी माणसाने साडेतीनला असं वागवू नये. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. आपल्याकडे साडेतीन म्हणजे यादी संपली, याच्या वर कुणी नाही. त्यातल्या अर्ध्याचंही काही अडत नाही. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण तलवार हे त्यांचं काम नव्हतं. शाळेच्या पुस्तकातनं लक्षात राहिले ते मात्र अर्धेच. आणि आम्हा नाशिककरांची सप्तशृंगी म्हणजे अर्धं पीठ. तरी वणीच्या गडाच्या पायऱ्या चढून गेलेल्या कुणाच्या पोटऱ्यांना ते अर्धं वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि एवढा भरभक्कम आकडा चित्रपटाच्या नशिबी आला की त्याचा अर्थ होतो, "बघा बाई तुमचं तुम्ही."

स्टार ही आपली भाषाच नव्हे, हा माझा बचाव. 1928 साली न्यूयॉर्कच्या डेली न्यूजमध्ये आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी परीक्षणाबरोबर स्टार छापायला सुरुवात केली, तेव्हा वरची मर्यादा तीन होती. आमचे साडेतीन त्यांच्या कागदावर मावलेच नसते. आपल्याकडे याआधीच एक माप होतं, आणि ते आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी जाहिरातीतच सांगून टाकलं होतं. राजा हरिश्चंद्र 1913 चा. त्याची त्यांनी जाहिरात केली ती अशी की सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. रात्र रात्र चालणारी नाटकं पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा किती वेळात आटोपणार, अशी धास्ती असणार. म्हणून मैल. पैसा वसूल हा शब्द पुढे कुणीही रूढ केला असो, हिशेब तिथला आहे.

आमच्या घरात हा हिशेब नवरा ठेवतो. त्याच्या रकान्यात स्टारबरोबर कंसात मिनिटं असतात. ती झोपेची. "तीन (वीस)" म्हणजे वीस मिनिटं डुलकी लागली. ही पद्धत ऐकायला उर्मट वाटते, पण मला वाटतं घरातली सगळ्यात प्रामाणिक हीच आहे. गाड्या उडत होत्या, खुर्च्या थरथरत होत्या, अशा चित्रपटात हा मान खांद्यावर टाकून पंचेचाळीस मिनिटं गेला होता. आणि 2015 साली कोर्ट पाहिला तेव्हा, ज्यात कॅमेरा एका जागी बसतो तो बसतोच, त्यात मिटल्या नाहीत त्याच्या पापण्या. त्या चित्रपटात शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळा होतो. आमच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, पँट वर ओढली, पिशवी घेतली, माझ्या पायांवरून अर्धे पार झाले, आणि पडद्यावर न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघाले. गृहस्थ तिथेच, माझ्या नि नवऱ्याच्या मध्ये, वाकलेल्या अवस्थेत थांबले. शेवटपर्यंत. बाहेर पडताना ते बायकोला म्हणाले, "दोनदा संपवला." एवढं नेमकं परीक्षण मी तरी छापलेलं वाचलेलं नाही. भाचीने जुने चित्रपटही कागदावर चढवायला लावले तेव्हा मी कोर्टला पाच दिले. नवऱ्याने साडेचार दिले आणि कंसात शून्य.

सासूबाईंचा रकाना मात्र बरेच दिवस कोरा होता. त्या आकडा सांगत नसत. विचारलं की म्हणत, "बरा होता." भाचीने स्वतःच ठरवलं, बरा म्हणजे तीन. सासूबाईंना कळल्यावर त्या चांगल्याच रागावल्या. "बरा म्हणजे चांगला नाही का?" हे भाचीला समजावणं सोपं नव्हतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या, सगळा दिवस त्यात गेला, आणि सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "बऱ्या झाल्यात." पंधरा दिवस मी धुमसत होते. पुढे लक्षात आलं की त्यांच्याकडे याच्या वरची पायरीच नाही. मुलगा बरा आहे, स्थळ बरं आहे, पाऊस बरा झाला. खाली मात्र पायऱ्याच पायऱ्या आहेत: ठीक, जेमतेम, आपला असाच, नुसतंच आपलं, आणि सगळ्यात तळाला "गाणी होती." आपल्या भाषेत शिव्यांना जेवढा मोकळा हात आहे, तेवढा कौतुकाला नाही. "वाईट नाही" असं म्हणताना समोरच्याचा चेहरा पाहा, दागिना काढून दिल्यासारखा असतो.

भाची कधी कधी मोबाइल नाचवत येते. "रॉटन टोमॅटोजवर अठ्ठ्याण्णव टक्के!" नवऱ्याला ते बोर्डाचे मार्क वाटतात आणि तो चप्पल घालायला जातो. त्या टक्क्यांची गंमत अशी, की शंभरातल्या अठ्ठ्याण्णव समीक्षकांनी होकार दिला, एवढंच ते सांगतात. किती जोरात दिला, ते नाही. सगळ्यांनी मिळून "एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं तरी शंभर टक्के होतात. म्हणजे एकट्या सासूबाईंवर सोपवलं, तर जगातले निम्मे चित्रपट शंभरात शंभर घेऊन पास.

आणि एका रविवारी मी माझे जुने आकडे तपासायला बसले, तिथे माझी पुरती फजिती झाली. तुंबाड मी पहिल्यांदा 2018 च्या ऑक्टोबरात पाहिला, तेव्हा अक्कलदाढ दुखत होती. पडद्यावर पाऊस, ओल, शेवाळ, विहिरीसारखा अंधार, आणि इकडे जबड्यात ठणका. बाहेर येऊन भेटेल त्याला सांगितलं, "ठीक आहे, पण लांबतो जरा." तो चित्रपट दोन तासांचाही नाही. लांबत होती ती दाढ. माझ्या त्या एका वाक्यावर बिल्डिंगमधली तीन कुटुंबं गेली नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. 2024 च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला, भाचीने ओढत नेलं, आणि मी साडेचार देऊन आले. तोच पाऊस, तीच ओल. तेवढ्यात पेपरात आलं की दुसऱ्या वेळी त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमावले. म्हणजे 2018 मध्ये दाढ माझ्या एकटीचीच दुखत नव्हती.

उलटही होतं. बाईपण भारी देवा 2023 च्या पावसाळ्यात आला, तेव्हा सासूबाईंचं अख्खं भजनी मंडळ गेलं होतं. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा असा विषय, त्यामुळे नऊवाऱ्या, गजरे, नथी, सगळा थाट. मी ऑफिसातून परस्पर पोचले, कुर्त्यावर, पाठीला लॅपटॉप. मध्यंतरात बायका फुगड्या घालत होत्या आणि मी सामोशाच्या रांगेत. परतताना रिक्षात कुणीतरी विचारलं, कसा वाटला? त्या वेळी मला साडेतीनची ढाल सापडलेली नव्हती, खरं ते बोलून गेले. "पाचपैकी अडीच." रिक्षात शांतता. द्वारका सर्कलपर्यंत कुणी बोललं नाही. मग मागून एक मावशी, समजूत घातल्यासारख्या, म्हणाल्या, "तू नथ घातली नव्हतीस ना, म्हणून."

मी यावर आजवर बरंच डोकं चालवलंय, आणि मला उत्तर सुचलेलं नाही. त्यांनी नुसता चित्रपट पाहिलाच नव्हता. त्यांनी आठवडाभर आधी फोन केले होते, कपाटातल्या साड्या उन्हात दिल्या होत्या, एकमेकींना गजरे माळले होते, आणि चित्रपट त्या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी लागला होता. पाच स्टार त्या पूर्ण दिवसाला होते. माझे अडीच ऑफिसच्या शुक्रवाराला असणार.

एक चित्रपट मात्र कागदावर नाही आणि येणारही नाही. 1988 सालचा अशी ही बनवाबनवी. टीव्हीवर लागला की पोळ्या लाटता लाटता मी दारात येऊन उभी राहते, तवा धुरकटतो, आणि पुढचं वाक्य काय आहे ते ठाऊक असूनही हसते. भाची म्हणाली, याला किती? आम्ही तिघांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू वरण-भाताला किती, असं विचारलंय. नेटफ्लिक्सने 2017 मध्ये स्टार काढून अंगठे आणले. त्यांच्या लक्षात आलं होतं की लोक भरपूर स्टार देतात एकाला, आणि रात्री लावून बसतात दुसरंच. त्यांना आमच्या दारातून आत डोकावून पाहायची गरज नव्हती, पण डोकावले असते तर लवकर कळलं असतं.

परवा दुपारी ऑफिसातून लवकर आले. भाची कॉलेजात, घरात सामसूम, सासूबाई आत झोपलेल्या. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले तर कागदावर नवी ओळ. पेन्सिलीने, थोडं थरथरतं, आमच्यापैकी कुणाचंच नसलेलं अक्षर. चित्रपटाच्या रकान्यात: "दुपारचा, टीव्हीवर. नाव विसरले." आणि आजीच्या रकान्यात त्यांच्या आयुष्यातला पहिला आकडा: साडेतीन. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं.

"चार होते. सुरुवातीला कुकर लावत होते, तेवढं पाहिलं नाही, म्हणून अर्धा कापला."