आमची वाटचाल: हेड उघडण्याआधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा गाड्या दुरुस्तीचा गाळा १९९६ पासून आहे. त्याआधी मी इथल्याच एका कारखान्यात ऑइल इंजिनं जुळवायचो, शेतावरच्या पंपाला लागायची ती. गाड्यांकडे वळलो ते पोटासाठी. उद्यमनगरात एक मोठी सोय अशी की लेथ, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ओतकाम सगळं हाकेच्या अंतरावर. स्वतःचं एकही मशीन नसताना आम्ही पूर्ण इंजिनाचं काम अंगावर घ्यायचो ते या शेजाराच्या जिवावर.

पहिली काही वर्षं क्लच, ब्रेक, सर्व्हिसिंग, जे येईल ते केलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड झाकणाच्या, कामासाठी लोक आम्हाला शोधत येऊ लागले ते एका ॲम्बेसेडरपासून.

गाडी गुळाच्या एका व्यापाऱ्यांची, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मार्क फोर, पेट्रोल, १४८९ सीसी. हिचं हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधली सांधा बंद करणारी पातळ चकती, वरचेवर जळून उडायचं, आणि गगनबावड्याचा घाट चढला की हमखास. तोपर्यंत वेगवेगळ्या गॅरेजांत हेड उतरवून झालं होतं. प्रत्येक ठिकाणी तोच उपाय: हेडला फेसिंग (तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, वर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, जाड थर. आबांचं स्वतःचं निदानही तयार होतं. "गॅस्केटच डुप्लिकेट मिळतंय हो आता."

मी विचारलं, "आबा, जुनी काढलेली गॅस्केटं आहेत काय कुठं?"

होती. डिकीत स्टेपनीखाली, गुळाच्या रव्याला लावतात त्या बारदानात गुंडाळलेली. व्यापाऱ्याचा स्वभाव, पैसे मोजलेली वस्तू टाकवत नाही. ती सगळी फरशीवर ओळीनं मांडली आणि अर्धं काम तिथंच झालं. एकूणएक गॅस्केट एकाच जागी जळालेलं, दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत. कडा काळ्याठिक्कर, तांब्याचा पत्रा वितळून मागं सरकलेला. माल खराब असता तर एक इथं फुटलं असतं, एक तिथं.

या इंजिनाची रचना माहीत असेल तर ती जागा का, हे कळतं. मूळचं हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज इंजिन. चार सिलिंडरांना एक्झॉस्टची तोंडं तीनच. एक आणि चारला स्वतंत्र, दोन आणि तीनला मिळून मधलं एक. दोघांचा जाळ एकाच वाटेनं जातो, म्हणून हेडचा मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. पण तेवढ्यानं गॅस्केट उडत असतं तर देशातली एकही ॲम्बेसेडर रस्त्यावर दिसली नसती.

हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. कडेचे दोन सिलिंडर १२५ पीएसआयच्या आसपास, मधले दोन सत्तरच्याही खाली. रेडिएटरमधलं पाणी कमी होत नव्हतं, तेलही दुधी झालेलं नव्हतं. म्हणजे जाळ पाण्याच्या वाटेला जातच नव्हता, एका सिलिंडरमधून शेजारच्यात घुसत होता.

हेड उतरवलं. ते आरशासारखं सपाट होतं, इतक्या वेळा फेसिंग झाल्यावर असणारच! मग ब्लॉक घासून स्वच्छ केला आणि त्यावर स्ट्रेट एज उभी धरली. ती डुगडुगली. ब्लॉकवर पट्टी ठेवून बघायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. हेड धरून ठेवणाऱ्या स्टडच्या भोकांभोवती ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) वर ओढलं गेलं होतं, बोट फिरवलं तरी कंगोरा लागायचा. हेड त्या कंगोऱ्यांवर टेकायचं आणि मधली पट्टी दाबाविना राहायची. ०.१० मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पाती) तिथून आरपार जात होता. अशा कामात ०.०५ च्या वर आम्ही माफ करत नाही.

कंगोरे आले कुठून? दर वेळी गॅस्केट उडालं की पुढचा मिस्त्री आधीच्यापेक्षा जोर लावून नट आवळायचा. लांब पाइप घालून. किती जोरानं आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना कुणी वापरलाच नव्हता. शिवाय या इंजिनात हेडच्या नटांपैकी चार नट रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांचे, पायही धरून ठेवतात. रॉकर काढायचा तर आधी पाणी काढावं लागतं आणि हेडचे सगळेच नट क्रमानं, थोडे थोडे सैल करावे लागतात. मी ड्रायव्हरला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "टॅपेट वाजाय लागलं की रॉकर उतरून बघतोय की मी." तो ते चारच नट सोडायचा आणि परत चारच आवळायचा. हेडवर ताण वाकडा, गॅस्केट एका बाजूनं ढिलं.

ब्लॉकची मागची तोटी उघडली तर थेंब पडेना. तार घालून ढोसल्यावर तांबडा चिखल आला. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्याचा तो साका. पाण्याचं तापमान राखणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, कुणीतरी काढून टाकलेला होता.

इंजिन बाहेर काढलं. शेजारच्या मशीन शॉपमध्ये ब्लॉकला हलकं फेसिंग मारलं, स्टडच्या भोकांची तोंडं थोडी खोलवून घेतली, स्टड नवे घातले. पाण्याच्या वाटा साफ केल्या, रेडिएटरला रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) केलं, थर्मोस्टॅट बसवला. गॅस्केट शेलॅकशिवाय बसवलं. नट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, पुस्तकातल्या मापावर आवळले. गाडी थोडी पळवून, थंड करून पुन्हा टॉर्क, मग टॅपेटची, म्हणजे व्हॉल्वची, फट लावली. खर्च गॅस्केटच्या कितीतरी पट आला आणि आबांनी घासाघीस भरपूर केली. पण त्या हेडला नंतर पाना लावायची वेळ आली नाही, आणि आबांनी ही गोष्ट साऱ्या मार्केट यार्डात सांगितली. आमची जाहिरात ती एवढीच.

त्यानंतर आम्ही तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो. "बघायचे कसले पैसे?" म्हणून गिऱ्हाइकं तुटली. तुटू दिली. नुसतं गॅस्केट बदलून द्या म्हणणाऱ्याचं काम आजही घेत नाही; ती गाडी परत येते आणि नाव आमचं जातं. उलट दुसरी गॅरेजंच आमच्याकडे गाड्या पाठवू लागली, आणि त्यातून सरफेस ग्राइंडर आमच्याच गाळ्यात आलं.

२०१९ च्या महापुरानंतर काही महिने पाण्यात बुडालेल्या गाड्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. कनेक्टिंग रॉड वाकलेले, सिलिंडरमध्ये गाळ. ते वेगळंच प्रकरण आहे.

आता येतात त्या गाड्यांची हेडं ॲल्युमिनियमची. तापमान ८० अंशांनी वाढलं तर फूटभर लांबीमागं ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं, बीड त्याच्या निम्मं. ब्लॉक बीडाचा असेल तर ही ओढाताण गॅस्केटच्या अंगावर येते, म्हणून एकदा गाडी तापली की हेड वाकायला वेळ लागत नाही. बऱ्याच गाड्यांचे हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, ते पुन्हा वापरता येत नाहीत. गिऱ्हाईक बोल्टचे पैसे वाचवायला बघतं, तिथं पुतण्या वाद घालतो. डिप्लोमा करून तो गाळ्यावर आला आहे. प्रत्येक जळक्या गॅस्केटचा फोटो आणि शेजारी कॉम्प्रेशनचे आकडे अशी वही त्यानं सुरू केली आहे.

हेडच्या कामाला येणार असाल तर आधीचं गॅस्केट टाकू नका, सोबत आणा. गाडी आदल्या रात्री सोडून जा, म्हणजे सकाळी इंजिन गार असताना तपासता येईल. सोमवारी गाळा बंद असतो.